पुढच्या सीटवर मैद्याचं पोतं

पाय प्लास्टरमध्ये, डोळे मिटलेले. ती झोपली आहे असं समजून बाहेरच्या खोलीत तिचा भाऊ पाववाल्याला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, फैलावर घेत होता. मोटरसायकलच्या चेनला तेल घालायला काय होतं, म्हणून विचारत होता. शेवटी पाववाला बोलला.

"घालत होतो हो दादा. लोंबू नये म्हणून ताणून घट्टही केली. रोज एकटा फिरतो ना. मागे ही बसली की गाडी दबणार, चेन आणखी ताणणार, हे डोक्यातच आलं नाही."

उतारावर चेन तुटून मागच्या चाकात अडकली होती. त्याला नुसतं खरचटलं, तिचा पाय मोडला.

पाय सांधला, पण मन काही सांधेना. बहिणीकडे जायचं तर ती बसने जाई, बस चुकली तर पायी. तो आग्रह करत नसे. दर रविवारी अंगणात बसून जुन्या टूथब्रशने चेन घासायचा, पुसायचा, तेल द्यायचा. इतकी मालिश आपल्या डोक्याला मिळती तर केस गुडघ्यापर्यंत गेले असते, असं ती शेजारणीला ऐकवायची.

एका रविवारी तो काळे हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला. गाडी चालवणार नाही, म्हणाला; नुसती मागे बस, तुझ्या वजनाशिवाय चेनचं माप चुकतं. माझं वजन काढायला बरं सुचलं, म्हणत ती शेंगांची परात घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसली. गाडी भिंतीला टेकवलेली. पुढे, त्याच्या जागी, बेकरीतून आणलेलं मैद्याचं पोतं. तो खाली वाकून चेन बोटाने वर-खाली करून बघत होता, पाना फिरवत होता, पुन्हा बघत होता. ती शेंगा सोलत राहिली. पोत्याची संगत बरी, निदान घोरत नाही, म्हणाली.

असे चार रविवार गेले. पाचव्या रविवारी पोतं चढवताना त्याची कंबर धरली. तिने परात खाली ठेवली.

"उतरवा ते. तुम्हीच बसा पुढे. ताईकडे जाऊन येऊ."

तेव्हापासून बस सुटली ती सुटलीच. केस पिकले, गाडीचा रंग उडाला. ज्या दिवशी तो दुपारच्या झोपेतून उठलाच नाही, त्या दिवशी सकाळीही त्याने तिला ताईच्या दारात उतरवलं, पदर चाकापासून सांभाळायला सांगितलं, आणि रिकामे क्रेट बेकरीत द्यायला निघून गेला.