राखणदाराचा अळणी भात

गेल्या पावसाळ्यात मी कुत्र्याचं जेवण जेवलो. फार चविष्ट होतं, आणि घोटाळा नेमका तोच होता.

कुत्रा माझ्या आत्याचा. आत्या रोह्यात राहते, शाळेतून निवृत्त झालेली. घरात ती आणि तो म्हातारा तांबडा, दोघंच. तिच्या ताटात जे कालवण, तेच त्याच्या वाडग्यात: कांदा, लसूण, खोबरं, सगळं. मग तो सुस्तावला, पडून राहायला लागला. मी पेणहून गाडी काढली आणि दोघांना पेणच्याच जनावरांच्या डॉक्टरांकडे आणलं. त्यांनी कुत्र्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. पांढऱ्याफटक.

कांदा-लसणाने कुत्र्याचं रक्त कमी होतं, असं ते म्हणाले. आता मऊ भात, हाडं काढलेली उकडलेली कोंबडी, थोडा लाल भोपळा. मीठ, मसाला, फोडणी बंद. "नाहीतर हा वाचायचा नाही."

परतताना आत्या गाडीत रडली आणि रोह्याला घरी पोचताच भोपळा चिरायला बसली. मी निर्धास्त पेणला परतलो.

पुढच्या रविवारी गेलो, तर कुत्रा आणखी मलूल. "डॉक्टरांनी सांगितलं तस्संच करते रे," आत्या म्हणाली. पण वाडग्यातून असा काही वास येत होता की मला सकाळची न्याहारी कमी पडली असं वाटायला लागलं. मी एक घास घेतला. खात्री करायला दुसरा. तिसऱ्याला मात्र काही कारण नव्हतं.

"आत्या, यात लसूण आहे."

"दोनच पाकळ्या. ठेचून."

"आणि मीठ?"

"चिमूटभर." ती माझ्याकडे बघेना. "आजाऱ्याला अळणी वाढू? चाखून बघते तर माझ्याच घशाखाली उतरत नाय. त्याच्या कसं उतरेल?"

यावर रागवायचं कसं? आमच्या घरातली बाई चाखल्याशिवाय पातेलं चुलीवरून उतरवत नाही. मायेपोटीच ती त्याला आजारी पाडत होती. मी पंचा खांद्यावर टाकला आणि कीर्तनकारासारखा घसा खाकरला.

"नैवेद्य चाखतेस का गं?"

"देवाच्या आधी? वेडा का तू?"

"त्यात कांदा-लसूण?"

"गप रे."

"पानात मीठ वाढतेस?"

"नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत. तुझ्या आईने शिकवलं नाय वाटतं."

"मग याला तसंच वाढ."

"कोंबडीचा नैवेद्य?"

"गावच्या वेशीवरच्या राखणदार देवाला चालतो ना? या घराची राखण कोण करतं मग?"

आत्याने कुत्र्याकडे पाहिलं. "तू तर नक्कीच नाय," ती मला म्हणाली, आणि उठून तिने पातेलं घासायला घेतलं.

त्या दिवशी तिने न चाखता रांधलं. कुत्र्याने हुंगलं आणि तोंड फिरवलं. आत्याचा हात मिठाच्या बरणीपर्यंत गेला, तिथेच थांबला, मागे आला. मग ती मांडी घालून जमिनीवर बसली, भात कुस्करला, कोंबडीच्या कोमट पाण्यात कालवला आणि लहान लहान घास करून त्याच्या तोंडाशी धरत राहिली. बऱ्याच वेळाने त्याने एक चाटला. तिच्या तळहातावरून, उपकार केल्यासारखा.

मग रोज तसंच. पाऊस ओसरता ओसरता पुन्हा पेणला आलो. डॉक्टरांनी ओठ वर केला. हिरड्या गुलाबी झाल्या होत्या.

"काय खायला घालता?" त्यांनी कौतुकाने विचारलं.

"तुम्ही सांगितलं तेच," आत्या म्हणाली. मग जरा पुढे वाकून, हळू आवाजात: "वर तुळशीचं एक पान ठेवलं तर चालेल ना?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता मन लावून वाचत होतो.