पुस्तकांची भिशी आणि रातकिडे

आमची भिशी पुस्तकांची आहे. साडीची, चांदीची, भांड्यांची भिशी सोलापुरात घरटी एक असते. पुस्तकांची बहुधा आमची एकच असावी. दर महिन्याला सगळ्या जणी वर्गणी देतात, डब्यातून एक चिठ्ठी निघते, आणि जिची चिठ्ठी निघेल ती एक पुस्तक सुचवते. जमलेल्या पैशांतून तेच पुस्तक सगळ्यांसाठी येतं आणि पुढच्या भिशीपर्यंत प्रत्येकीनं ते वाचायचं. आवडो न आवडो, वाचायचं. इतकी सत्ता आमच्यातल्या कुणाला सासरीही मिळालेली नव्हती.

सुरुवातीला आम्ही कादंबऱ्या घेत होतो. पण कादंबरीवर बोलायला बसलं की तासाभरात गाडी आपापल्या सुनांवर यायची. म्हणून ठरलं, माणसं नसलेली पुस्तकं घ्यायची. मग मुंग्या आल्या, तारे आले, समुद्राचा तळ आला. बुरशीवरचं पुस्तक वाचून दोघींनी लोणच्याच्या बरण्या तपासायला काढल्या. सुना तरीही निघाल्याच, पण जरा उशिरा.

मी विज्ञानाची शिक्षिका. निवृत्त झाले तरी सगळ्या मला बाईच म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मी वागतेही तशीच. माझा नंबर लागला तेव्हा मी कमी होत चाललेल्या कीटकांवरचं पुस्तक सुचवलं. पुढच्या फेरीत शहरातून नाहीशा होणाऱ्या पक्ष्यांवरचं. कीटकांबद्दल तर माझ्याकडे पुरावाही होता. आम्ही शहराच्या हद्दवाढ भागात घर बांधलं तेव्हा मागच्या माळावर दिवेलागणीला रातकिड्यांचा असा गोंगाट चालायचा, की टीव्हीचा आवाज वाढवावा लागे. आता एकही नाही. पुस्तकात रस्त्यावरचे दिवे, फवारण्या, बिल्डरांचे प्लॉट अशी सगळी कारणं दिलेली होती आणि ती सगळी आमच्या घराभोवती होती. मी दर भिशीत हे सांगायची. कुणी कधी विरोध केला नाही, त्यामुळे सगळ्यांना पटलंय असंच मी धरून चालले.

दुसरी एक गोष्ट मला खटकत होती. या बायका अलीकडे पुटपुटायला लागल्या होत्या. काही तरी बोलायच्या, हसायच्या, आणि मी विचारलं की म्हणायच्या, काही नाही बाई, असंच. त्यात अक्का सगळ्यांच्या पुढे. अक्का बँकेतून निवृत्त झालेल्या. घरात तेलुगू, वडील आयुष्यभर यंत्रमागावर. मी त्यांच्यापेक्षा मोठी, पण सगळ्या म्हणतात म्हणून मीही त्यांना अक्काच म्हणते. त्यांचा आवाज इतका बारीक, की त्या पुस्तकावर बोलत असल्या तरी मला वाटायचं, माझ्यावरच चाललंय. दिवाळीनंतर भिशी सोडायची असं मी ठरवून टाकलं, घरी तसं सांगितलंही. मला फार लागलं होतं. शाळा सुटल्यावर माझं म्हणावं असं तेवढं एकच ठिकाण उरलं होतं.

त्याआधी आमची एक सहल झाली. पक्ष्यांच्या पुस्तकाचा शेवट म्हणून उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी पाहायला गेलो होतो. रोहित अजून आलेलेच नव्हते, दोन-चार बगळे आणि पाणकावळे पाहून परत फिरलो. दिवेलागणीला केळीच्या बागेजवळून येताना कुणीतरी बागेतली पाण्याची मोटार बंद केली. मी सगळ्यांना थांबवलं आणि म्हटलं, ऐका, ही शांतता ऐका. इथेसुद्धा एक रातकिडा उरलेला नाही. सगळ्या एकदम गप्प झाल्या. एक जण चपलेतला खडा काढायला खाली वाकली ती बराच वेळ वर आलीच नाही. अक्का मात्र माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, माझं बोलणं त्यांच्या मनाला भिडलं.

पुढच्या भिशीपासून नवी फेरी सुरू होत होती. चिठ्ठी काढायच्या आधीच अक्का बोलल्या. त्या दिवशी त्या नेमक्या माझ्या शेजारी बसल्या होत्या, म्हणून मला नीट कळलं.

"मला ह्या महिन्याचा नंबर पायजे. गरज हाय."

पैशांच्या भिशीत हा रिवाजच आहे. घरात लग्न निघालं, कुणी दवाखान्यात असलं, तर ती बाई नंबर मागून घेते. कुणी नाही म्हणत नाही. मग त्या फेरीत तिची चिठ्ठी डब्यातून काढून टाकतात. पण पुस्तकासाठी असली गरज कुणाला पडली नव्हती. सगळ्या हसल्या. मी म्हटलं, अक्का, तुमच्या पतंगांना एवढी कसली घाई? कारण दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगांवरच्या एका पुस्तकावर त्यांचा वर्षभर डोळा होता, आपला नंबर लागला की तेच, असं त्या चार वेळा सांगून बसल्या होत्या. पण त्यांनी पतंग मागितले नाहीत. आवाज आणि कान यांच्यावरचं एक जाडजूड पुस्तक मागितलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शाळेत मी कान फळ्यावर काढून शिकवला होता. आता तो परत कशाला वाचू?

तरी नियम म्हणून वाचायला घेतलं. वटवाघळं झाली, आपल्याला ऐकू न येणाऱ्या खोल आवाजात बोलणारे हत्ती झाले, मग माणसाचा कान आला. आतल्या पेशींवर अगदी बारीक केस असतात, गोंगाटानं आणि वयानं ते झडतात. पक्ष्यांच्या कानात ते पुन्हा उगवतात, माणसाच्या कानात उगवत नाहीत. आधी जातात ते उंच, बारीक आवाज. माणसाला वाटतं, लोक पुटपुटायला लागले. आणि त्याखाली उदाहरण म्हणून रातकिडे.

मी पुस्तक उपडं ठेवलं. माझ्या वर्गाच्या भिंतीला लागून यंत्रमागाचं शेड होतं. त्या खडखडाटावर आवाज चढवून मी सगळी नोकरी केली.

संध्याकाळी आम्ही दोघं नेहमीसारखे गच्चीवर बसलो होतो. मी नवऱ्याला विचारलं, "अहो, रातकिडे ऐकू येतात का तुम्हाला?"

"येतात की. रोजच येतात."

"आत्ता?"

"आत्ता तर लईच."

मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, असं मी विचारलं. तर हा माणूस म्हणाला, तू पुस्तकातून सांगायचीस. मला वाटलं, ते संपलेले रातकिडे निराळ्या जातीचे असतील.

मी आधी त्यांच्यावर चिडले, मग रडले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात; मी तर अख्खं शहर वाकडं ठरवून मोकळी झाले होते.

कानाच्या डॉक्टरांनी तपासणी करून मशीन दिलं. पहिल्या दिवशी घरातली भांडी, पंखा, माझ्याच चपला, सगळं अंगावर आलं. दिवेलागणीला गच्चीवर गेले तर मशीनमधून किर्र आवाज येऊ लागला. मला वाटलं, बिघडलं. काढून पाहिलं, आवाज थांबला. लावलं, पुन्हा सुरू. तेव्हा कुठे कळलं, तेच ते. ज्यांची मी दर महिन्याला श्रद्धांजलीची सभा भरवत होते, ते सगळे मागच्या माळावर जागच्या जागी होते. इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

पुढच्या भिशीत कुणी काही विचारायच्या आत मीच केस मागे करून मशीन दाखवलं. रातकिड्यांचं सांगितलं तेव्हा सगळ्या पोट धरधरून हसल्या आणि मीही हसले. भिशी सोडायचा विषय मी काढला नाही. निघताना मी अक्कांना जिन्यात गाठलं आणि विचारलं, मला सरळ का नाही सांगितलंत?

त्या चपला घालता घालता थांबल्या. "वडिलांना मी तोंडावर सांगितलं व्हतं, बाई, तुमाला ऐकू येत न्हाई म्हणून. त्यानंतर ते कुणात बसलेच न्हाईत."

त्यांचा हात धरून मी जिना उतरले.

होळीच्या सुमाराला माझी चिठ्ठी निघाली. अक्कांची त्या फेरीत डब्यात नव्हतीच. मी पतंगांचं पुस्तक सांगितलं. ते आल्यावर पहिलं पान सगळ्यांना मोठ्यानं कुणी वाचून दाखवायचं यावर नेहमीची ओढाताण झाली; एरवी शेवटी ते मीच वाचते. या वेळी मी पुस्तक अक्कांकडे दिलं. त्यांचा आवाज पहिल्यासारखाच बारीक होता. त्या कोपऱ्यात बसून वाचत होत्या, मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसले होते, आणि मला शेवटच्या ओळीपर्यंत सगळं ऐकू आलं.