बेटांवरची माती

पाथर्डी सोडून मी मालवाहू जहाजावर आचारी झालो. हाताखाली इंडोनेशियाचा एक मदतनीस होता, माझ्याहून वयानं मोठा, अबोल. एका दुपारी पीठ मळत असताना थोरल्या भावाचा फोन आला. हात भरलेले, म्हणून स्पीकर लावला.

"आबा गेले. माती आज सांजच्याला हाय. तुला काय पोचता यायचं न्हाई."

आमच्याकडे अंत्यविधीला मातीच म्हणतात. मी काही बोलायच्या आत मदतनिसानं शेगडी बंद केली आणि तोडक्या इंग्रजीत विचारलं, "कोण गेलं?"

"वडील. पण तुला कसं कळलं?"

"तो माती म्हणाला ना. आमच्यात माती म्हणजे मेलेलं."

जेवताना त्यानं हे बाकीच्यांना सांगितलं. मादागास्करचा खलाशी म्हणाला, आमच्याकडेही तोच शब्द. फिलिपिन्सच्या वायरमनच्या 'नामाताय'मध्ये तोच दडलेला, आणि माओरी इंजिनियरचा 'माते'. फार जुन्या काळी एकाच मुलखातून होड्या निघाल्या, बेटामागून बेट धरत गेल्या, आणि मरणाचा शब्द बरोबर घेऊन गेल्या, असं इंजिनियर सांगत होता. हरवलेले भाऊबंद भेटावेत तसे ते सगळे हसले. मग माझ्याकडे बघून त्यांनी हसू आवरलं.

त्यानंतर तो शब्द माझ्या मागेच लागला. मदतनिसाच्या भाषेत दिवा गेला तरी माती, इंजिन थांबलं तरी माती. कोठीतला बल्ब गेला की मदतनीस सवयीनं तसं म्हणायचा आणि तांदळाच्या पोत्यांपाशी मला आबा दिसायचे. डोक्याला टॉवेल गुंडाळलेले, नुसते उभे. भीती वाटायची नाही, पण परत वळून बघवायचं नाही. मदतनिसाच्या ते लक्षात आलं असावं. पुढं तो काही न बोलता बल्ब बदलायला लागला. आबा मात्र यायचे थांबले नाहीत.

सुट्टीवर आल्यावर नगरला भाषा शिकवणाऱ्या एका सरांना विचारलं.

"आपली माती संस्कृतातल्या मृत्तिकेवरून आली," ते म्हणाले. "त्यांचा शब्द निराळ्याच घराण्यातला. काही नातं नाही, निव्वळ योगायोग."

मी मान हलवली आणि गावी गेलो.

आबांची माती केली ती बांधाजवळची जागा भावानं दाखवली. भोवती बाजरी निसवून कणसं बाहेर पडली होती. मी त्याला सगळं सांगितलं.

"आबा तिकडं दिसत हुते म्हनतोस?"

"व्हय."

"काय म्हनत हुते?"

"कायच न्हाई."

त्यानं वाकून बांधावरचं गवत उपटलं.

"मला हितं एकदाबी दिसले न्हाईत," तो म्हणाला.