धूळवाल्याचं मरण

“हिला रंग लावायची गरजच नाही. तेवढी डबी वाचली!”

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिनसाहेब माझ्या मुलीकडे बघून म्हणाले. माजिवड्याच्या त्यांच्या टॉवरमधलं अख्खं क्लबहाऊस हसलं. सगळ्यांत मोठ्यांदा मी हसलो.

अंतराळात घोडे दौडवणाऱ्या, कमरेला पिस्तुलं लावलेल्या लोकांची एक मालिका आहे. तिचे आम्ही वेडे. ग्रुपवर दिवसरात्र भांडणं, रडारड, शाबासक्या. वर्षातून एकदा जमायचं, सोंगं घ्यायची आणि एक प्रवेश करून दाखवायचा. त्यात माझं काम ठरलेलं. धूळवाला. म्हणजे मालिकेतल्या ग्रहावरच्या खाणींत खपणारा माणूस. अंगाला तपकिरी रंग फासायचा. कॅप्टन गोळी घालतो, धूळवाला मरतो.

आणि मी काय मरायचो! छाती धरून गिरक्या, मग खुर्चीला मिठी, मग धाडकन खाली. टाळ्या पडल्या की एक डोळा उघडून “पाणी...” म्हणायचो आणि पुन्हा मरायचो. अ‍ॅडमिनसाहेब पाठ थोपटायचे. “तुमच्या लोकांत कला उपजतच असते हो.” हे वाक्य मी दर वर्षी बक्षिसासारखं टिटवाळ्याला घरी नेलं. कुठले माझे लोक, हे कधी विचारलं नाही. मला माहीत होतं. त्यांनाही.

मालिकेत कॅप्टनचा घोडा मेला तेव्हा ग्रुपने सुतक पाळलं. धूळवाल्यांची वस्ती जळाली तेव्हा कोणीतरी लिहिलं, “काय ग्राफिक्स आहेत राव!” खाली टाळ्या वाजवणारे हात. त्यांत एक जोडी माझी.

यंदा माझी मुलगी रेवा आली. नववीत आहे. जुन्या कोटाला स्वतः पितळी बटणं लावून कॅप्टन होऊन आली. संवाद तोंडपाठ. अ‍ॅडमिनसाहेबांनी तिला कोट काढायला लावला आणि आपल्या भाच्याला घातला. “बाळा, तू पप्पांबरोबर मर. छान दिसेल.” मग ते रंगाचं वाक्य. मग माझं हसू.

तिने त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

प्रवेश सुरू झाला. भाच्याने पिस्तूल रोखलं. “ठो!”

मी उभा. लोक खूश, काका आज काहीतरी नवीन करणार.

“ठो! ठो!”

मी उभाच. भाचा कुजबुजला, “काका, पडा ना.”

अ‍ॅडमिनसाहेब ओरडले, “अहो, मरा आता!”

“मरणार नाही,” मी म्हणालो. “माझ्या मुलीचा कोट द्या.”

भाच्याने मुकाट्याने काढून दिला. मी तो रेवापुढे धरला. तिने घेतला नाही.

“पप्पा, त्यांचं सोडा. तुम्ही का हसलात?”

हसलो नसतो तर तिथे मला बसायला खुर्ची मिळाली नसती. एवढंच खरं उत्तर होतं. ते तिला दिलं. त्यावर ती अजूनही बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर साहेबांचा निरोप. “गंमत होती, मनावर घेऊ नका.” मी त्यांची दोन्ही वाक्यं, रंगाचं आणि ‘तुमच्या लोकांत’वालं, जशीच्या तशी लिहिली. खाली लिहिलं, यावर मीही हसलो होतो. मला ग्रुपमधून काढलं.

आता हे मी तोंडी सांगतो. लग्नघरात, नाक्यावर, जिथे माणसं जमतील तिथे. सगळ्यांचे आवाज काढून सांगतो, मला ते येतं. मध्येच कोणी हसलं की थांबतो. विचारतो, कशाला हसलात?

उत्तर मिळेपर्यंत पुढे सांगत नाही. सांगणार नाही.