गव्हाणीतलं धाट

छावणीतल्या आमच्या मिशनच्या शाळेत डिसेंबर लागला की व्हरांड्याच्या कोपऱ्यात, गोठ्यात वैरणीला असते तशी, एक लाकडी गव्हाण येऊन बसायची. रिकामी. शेजारी टोपलीत मऊ वाळलेलं गवत. कुणी न सांगता एखादं चांगलं काम केलं की गवताची एक काडी गव्हाणीत टाकायची आणि त्याबद्दल कुणाजवळ अवाक्षर काढायचं नाही, असा नियम. नाताळपर्यंत काड्यांची गादी झाली की तिच्यावर येशूबाळाची मूर्ती निजवायची. ख्रिस्ती मुलींचा धर्माचा तास वेगळा असायचा, आम्हा बाकीच्यांना नीतिशिक्षण. गव्हाण मात्र सगळ्यांची होती.

मी शेतकऱ्याची पोर. पहिल्यांदा मला हसूच आलं. एवढ्या गवतात शेळीचं करडू निजायचं नाही अन् म्हणे देव निजणार! पण पुढं वेड असं लागलं की विचारू नका. मी आत्याच्या घरी राहायची. न सांगता भांडी घासायला बसले तर आत्या कपाळाला हात लावून बघायची, पोरीला ताप तर नाही ना! आणि सांगायची चोरी, त्यामुळं जिभेला नुसती खाज सुटायची. गुलमंडीवरच्या कापडवाल्याची मुलगी तर ‘मी काय केलं ते मी मुळीच सांगणार नाही हं’ असं वर्गभर सांगत फिरायची.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, निजामाच्या काळात उर्दूतून चौथीपर्यंत शिकलेले. पोलीस ॲक्शन झाली, मराठी शाळा निघाल्या, तोवर त्यांचं शिकायचं वय निघून गेलं होतं. म्हणून लेकीला शिकवायची हौस दांडगी. ‘तालीम कुठंबी मिळंल, तमीज तिथंच मिळती,’ म्हणत त्यांनीच मला या शाळेत घातलं होतं.

एका रविवारी मी गावी गेले आणि मोठ्या कौतुकानं सगळ्यांना गव्हाणीची गोष्ट सांगितली. झालं! चुलत्यानं आबांचे कान फुंकले. ‘आज काडी टाकती, उद्या डोक्यावर पाणी घेईल. पोरगी बाटली म्हणून समज. गावात तोंड दाखवायची सोय राहायची नाय.’ आबा तसेच उठून गोठ्याकडं गेले. त्यांनी असं उठून जाणं म्हणजे लई वाईट, हे मला ठाऊक होतं.

आठवडाभरानं आत्यानं सकाळी वेणी घालता घालता सांगितलं, ‘आज तुझा बाप यायलाय. शाळेतून नाव काढायला.’

गावात चौथीच्या पुढं शाळा नव्हती. नाव निघालं की शेण-गोठा, आणि न्हाण आलं की लग्न. माझ्या बरोबरीच्या दोघींचं तेच झालं होतं. वर्गात बाई काय शिकवत होत्या, देव जाणे. माझा जीव सगळा फाटकाकडं.

मधल्या सुट्टीत आबांची बैलगाडी आली. शहागंजात टांगेवाल्यांना ज्वारीचा कडबा विकून ते तसेच आले होते, गाडीत दोन-चार पेंढ्या उरलेल्या. चपला पायरीखाली काढून व्हरांड्यात चढले आणि गव्हाणीपाशी थबकले. तळाशी गवताच्या काड्या होत्या, पण त्यांच्या हिशेबी ती रिकामीच.

‘ही रिकामी का गं?’ मी धावत आले तशी त्यांनी मला विचारलं.

‘आबा, ती तशीच...’

‘रिकामी गव्हाण ठेवू नाय. बरकत जाती.’

आणि मी काही म्हणायच्या आत आबा गाडीपाशी गेले, पेंढी आणली, तिला बांधलेला आळा तोडला आणि अख्खी पेंढी गव्हाणीत ओतली! मुली किंचाळल्याच. मी त्यांचा हात धरला. ‘आबा, असं नसतं! एका कामाला एकच काडी! इथं जनावर नाही येत, देव येणार आहे.’

‘मग तर भरलेलीच पायजे,’ आबा म्हणाले आणि कडबा नीट दाबायला लागले.

गलका ऐकून मोठ्या सिस्टर, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, आल्या. त्या मंगळूरकडच्या, मराठी सावकाश, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखं बोलायच्या. कडबा फरशीवर सांडलेला, आबांच्या मुंडाशावर सुद्धा पाती. मनात म्हटलं, आता आबांनी नाव काढायची गरजच नाही, याच काढतील.

‘भरायला कोणी सांगितलं तुम्हाला?’ सिस्टरांनी विचारलं.

‘सांगायला कशाला पायजे, बाई? रिकामी दिसली.’

सिस्टर आमच्याकडं वळल्या. ‘ऐकलंत?’ एवढंच म्हणाल्या. मग आबांना म्हणाल्या, ‘बसा ना. काय काम काढलंत?’

आबांनी धोतराला हात पुसले. एकदा माझ्याकडं पाहिलं. मी रडायच्या बेतात होते.

‘काम काय नाय,’ ते म्हणाले. ‘ही वैरण टाकायला आलतो.’

आणि चपला घालून गाडी हाकत निघून गेले. सांगते, त्या दिवशी मला जेवढं मोकळं वाटलं तेवढं पुन्हा आयुष्यात कधी वाटलं नाही.

कडबा शाळेच्या गाईला गेला. पण सिस्टरांनी त्यातलं एक धाट ठेवून घेतलं. एका कामाला एक, नियम म्हणजे नियम! नाताळात बघितलं तर मऊ गवतावर तो जाडजूड धांडा आडवा आणि त्याच्यावर बाळ. ‘सिस्टर, टोचत असेल हो त्याला,’ मी म्हटलं. ‘असू दे,’ म्हणाल्या.

मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी आबा पेढे घेऊन आले. मी त्यांना चिडवलं, ‘खरं बोलायला शिकवणाऱ्या शाळेत जाऊन तुम्ही वैरण टाकायला आलो म्हणून चक्क खोटं बोललात की हो, आबा!’

आबा हसले नाहीत. पेढ्याचा पुडा सोडत म्हणाले, ‘मग काय करू? गव्हाण माझ्या हातानं भरली, अन् तिथलं वासरू दाव्यातून सोडून घरी न्यायचं? असं करतं का कोणी?’