आगरदांडा ते दिघी, पोहत

करंज्याहून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये बसले तेव्हा माझ्या पिशवीत एकही पत्रक नव्हतं. असं बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. मिठागरं गेली, बंदर आलं, आणि आमच्या उरणच्या पोरांना त्याच बंदराच्या दारात नोकरीसाठी ताटकळावं लागतं, हे मी नाक्यानाक्यावर ओरडून सांगत आले आहे. 'भिऊ नका, पुढे या' हे वाक्य माझ्या प्रत्येक पत्रकात असतं. त्या सकाळी मात्र मीच भीत होते.

मला धरमतरहून मुंबईपर्यंत समुद्रातून पोहत जायचं आहे. शाळेपासूनचं हे वेड फक्त आईला माहीत. आधी स्वतःची परीक्षा म्हणून मुरुडजवळची आगरदांडा ते दिघी ही खाडी पार करायची ठरवली होती. ती जमली नाही तर मुंबईचं नाव काढायचं नाही, असं मीच मला बजावलं होतं. नोकऱ्यांसाठी लढणाऱ्या आमच्या संघटनेत सांगितलं, मुरुडला बैठक आहे.

आई म्हणाली, "बुरलीस तं घरा येव नको." (बुडालीस तर घरी येऊ नकोस.) आमच्या आगरी घरात याला आशीर्वाद म्हणतात.

रेवसहून अलिबाग, तिथून मुरुडची एसटी. काशीदच्या वळणावर समुद्र एकदम अंगावर आला आणि मी खिडकीला नाक लावलं. रस्ताभर मात्र फलकच फलक. अमुकची निवड, तमुकचा पहिला नंबर. प्रयत्न करून पडलेल्याचा फलक आपण कधी लावलाय? जिंकणाऱ्याला हार घालतात, हरणाऱ्याकडे चौकशीला नातेवाईक येतात.

आगरदांड्याला दिघीचे इब्राहिमचाचा ठरल्याप्रमाणे सोबतीला होडी घेऊन थांबले होते. अर्धं आयुष्य आखातात काढून आता मासेमारी करतात.

"होडीला हात लावलास की खेळ खतम. मंजूर?"

"मंजूर. फक्त कोणाला सांगू नका."

"मी कशाला सांगू? पण खाडी काय पडदा लावून पोहणार हायस?"

पाणी वर कोमट, खाली गार. पहिले हात मारले आणि वाटलं, हे मी जन्मभर करू शकेन. दोन्हीकडचे डोंगर श्वासागणिक वरखाली होत होते. मधोमध आले तेव्हा शेजारून जंगलजेटी (गाड्या वाहून नेणारी फेरीबोट) गेली. कठड्यावर मोबाइल उंचावले. कोणीतरी ओरडलं, "अरे, ती बघ, बुडतेय."

मी बुडत नव्हते. हातात जोर होता. पण डोक्यात चित्र सुरू झालं: माझा हरतानाचा व्हिडिओ, तो उरणभर फिरतोय, आणि खाली लिहिलंय, 'पुढे या म्हणणारी ताई.' पुढचा हात मी होडीच्या काठावर टाकला.

चाचांनी मला वर ओढून घेतलं. होडी दिघीकडे वळवली.

दिघीच्या धक्क्यावर बायका टोपल्या घेऊन होड्यांची वाट बघत होत्या. मी उत्तरं जुळवत होते: प्रवाह, पायात गोळा. चाचांच्या पत्नी झुलेखाचाची पुढे आल्या, होडीत डोकावल्या. मासळी नाही, नुसती भिजलेली मी. त्यांनी माझ्या हातात चहा दिला.

"चाची, प्रवाह फार होता, म्हणून..."

"गप चाय पी. खाली होडीला कोणी विचारत न्हाय."

इथली ही रीतच आहे. होडी रिकामी आली तर का, कशी, हे विचारायचं नाही. विचारलं की मासळी रुसते म्हणे. एकच प्रश्न चालतो. तो चाचींनी विचारला, "उद्या कधी?"

मला रडू येणार होतं, त्याऐवजी राग आला. व्हिडिओ काढणाऱ्यांचा, फलकवाल्यांचा आणि सर्वांत जास्त माझा. जेवणात तांदळाची भाकरी, कोळंबीचं सालन आणि वर सांदण (नारळाच्या रसात वाफवलेला तांदळाचा गोड पदार्थ). तिसरं सांदण उचलत मी म्हटलं, "उद्या भरती-ओहोटीच्या मधे पाणी थांबलं की. आणि सगळ्यांना सांगा. जंगलजेटीवाल्यांनाही."

चाची हसल्या. "हिचं तोंड उघडलं. आता दिघीची झोप गेली."

दुसऱ्या दिवशी पुन्हा आगरदांड्याहून पाण्यात उतरले. मधोमध जंगलजेटी आली, मोबाइल उंचावले. मी हात हलवून ओरडले, "नीट काढा, चेहरा येऊ द्या."

"हलवायला दम हाय ना," चाचा होडीतून म्हणाले, "मग तो पोहायला लाव."

लावला. खांदे पेटले, तोंडात मीठच मीठ, दिघी जागची हलेना. होडी हाताच्या अंतरावर होती, आणि मी तिच्याकडे बघून हसले. मग पायाला चिखल लागला. दिघीचा काळा, घाण, सुंदर चिखल.

चाची धक्क्यावरून होडीत डोकावल्या. आत चाचांखेरीज काहीच नव्हतं.

"आज पण खालीच आणलीत?" त्या चाचांना म्हणाल्या आणि कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून टोपली वाजवू लागल्या. बाकीच्या बायकांनीही वाजवल्या.

परत येताना जंगलजेटीच्या कठड्याला टेकून मी संघटनेच्या ग्रुपवर लिहिलं: 'बैठक नव्हती. खाडी पोहायला गेले होते. पहिल्या दिवशी हरले, दुसऱ्या दिवशी पोचले. आता धरमतर ते मुंबई.' एकाने लगेच विचारलं, 'आणि नाही जमलं तर?'

पुढच्या पत्रकातून 'भिऊ नका' काढून टाकणार आहे. भीती वाटतेच, उगाच खोटं कशाला छापायचं. ज्याने विचारलं त्याला मी उत्तर पाठवलं: 'नाही जमलं, तर धक्क्यावर चहा घेऊन ये. आणि विचार, उद्या कधी?'