काजळीखालचं कुंकू

दसरा आला की गंगापूर रोडच्या पुढचं ते प्रकरण मला हटकून आठवतं. आता पोलिसातून निवृत्त आहे, पण घरात पूजेला पक्कड, पाने अशी हत्यारं मांडली की माझी नजर आधी कुंकवाकडे जाते. बायको हसते, हसू दे.

त्या वर्षी दसऱ्यानंतर चारेक दिवसांनी, सकाळच्या वेळी, एका मोकळ्या प्लॉटच्या रखवालदाराच्या मांडीतून गोळी आरपार गेली. शेजारच्या बंगल्याच्या मालकाने हद्दीच्या भांडणातून ती झाडली, असा त्याचा जबाब होता. गोळी सापडली नाही. मालकाचं म्हणणं, रखवालदार स्वतःच कट्टा बाळगतो, तोच हातून उडाला असेल. त्याच दुपारी ठाण्यात निनावी फोन आला: रखवालदाराच्या खोलीतला पिठाचा डबा बघा. पंचांसमक्ष डबा उघडला आणि गावठी कट्टा निघाला.

इतकी बिनचूक खबर मला कधीच पचली नाही. आमचे खबरी चहा घेतल्याशिवाय गल्लीसुद्धा सांगत नाहीत, आणि इथे थेट डबा! पण कट्टा समोर होता. जखमी माणूस संशयित झाला आणि दवाखान्यात त्याच्या खाटेशी शिपाई बसवावा लागला.

त्याची बायको मला व्हरांड्यात गाठून म्हणाली, "साहेब, सकाळी भाकरी केल्या तवा डब्यात नुसतं पीठ व्हतं. दिसभर मी हितंच हाय, खोली उघडी पडलीया. बरं झाल्यावर यांना घरी न्यायचं का जेलात, तेवढं सांगा."

मी तिथूनच मालकाच्या बंगल्याकडे निघालो. स्वतःचाच राग आला होता.

मालकाचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर मी जप्त करून आणलं. ते आरशासारखं लखलखत होतं आणि त्याला रॉकेलचा वास येत होता. मी मालकाला विचारलं, "शेठ, एवढं चकाचक?"

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी साफ केलं, साहेब. तेलपाणी केलं, सकाळी पूजा केली आणि कपाटात ठेवलं. तेव्हापासून हात लावलेला नाही."

"पूजा कोणी केली?"

"मिसेसने."

आमच्या ठाण्यातही दसऱ्याला शस्त्रपूजा होते. तेल दिलेल्या लोखंडावर कुंकू असं चिकटतं की आमचा आर्मरर, म्हणजे शस्त्रं सांभाळणारा हवालदार, पुढे कितीतरी दिवस खाचाखाचांतून ते काढत बसतो, आणि तोंडाने पुटपुटत असतो. शेठच्या रिव्हॉल्व्हरवर मात्र नुसत्या डोळ्यांना लाल कणही दिसत नव्हता.

बाईंचा जबाब मी वेगळा घेतला. हळदीकुंकू वाहिलं का, एवढंच विचारलं.

"वाहिलं ना. मुठीला, नळीला आणि गोळ्या भरतात त्या चक्राच्या तोंडावर. झेंडूचं फूलही ठेवलं."

"मग पुसलं कोणी?"

"पूजेचं कुंकू कोण पुसेल, साहेब?" त्या दुखावल्याच.

मी आर्मररला बोलावलं. म्हटलं, हात न लावता नुसतं भिंगातून बघा. गोळी झाडली की चक्राच्या तोंडाशी काजळी बसते. ती भारी चिवट असते, तेलात मुरवून धीराने घासावी लागते. शेठला घाई झालेली होती. त्याने एका छिद्राभोवतीची काजळी कशाने तरी खरवडली होती आणि तिथे ओरखडा उमटला होता.

आर्मररने बराच वेळ पाहिलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. "साहेब, ओरखड्यात बघा. वर काळं आहे आणि खाली लाल."

मी शेठला समोर बसवलं आणि एकच प्रश्न विचारला. "आधी पूजा झाली, की आधी गोळी सुटली?"

तो म्हणाला, "काजळी जुनी आहे."

"मग जुन्या काजळीच्या खाली यंदाचं कुंकू गेलं कसं?"

त्याने पाणी मागितलं. ग्लास संपवून तो बोलायला लागला. रखवालदाराने कुंपणाचे खांब उपटले म्हणून रागाच्या भरात गोळी झाडली. नवरा-बायको दवाखान्यात असताना आपल्या एका माणसाला कट्टा डब्यात ठेवायला लावला, आणि फोनही त्याच्याकडूनच करवला. प्रयोगशाळेच्या अहवालातही तेच आलं: काजळीच्या थराखाली कुंकू.

तेव्हापासून कोणी वस्तू फार मन लावून घासली असेल, तर ती स्वच्छ आहे यावर मी समाधान मानत नाही. त्याआधी तिच्यावर काय होतं, ते घरच्या बाईला विचारतो. पुरुष शस्त्र साफ करतो, पण पूजेत त्यावर काय आणि कुठे वाहिलं हे त्याच्या लक्षात राहत नाही.

अटकेचे कागद झाल्यावर मी दवाखान्यात गेलो आणि खाटेशी बसलेल्या शिपायाला स्टुलावरून उठवून ठाण्यात पाठवलं. रखवालदाराची बायको त्या रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिली.

मी म्हणालो, "ताई, तुम्ही विचारलं होतं ना? घरी न्या."

ती त्या स्टुलावर बसली, आणि मग रडली.